बॉल पायथनच्या पिल्लाला खाऊ घालताना: कोकणातल्या घरासाठी सविस्तर माहिती

परसात, गडग्याच्या चिऱ्यांत किंवा पंपाच्या खोपीत सापडलेल्या पिल्लासाठी हा लेख नाही. अजगर, धामण, नाग, मांडूळ हे आपल्याकडचे साप घरात ठेवणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 प्रमाणे गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. शिवाय 'अजगराचं पिल्लू' म्हणून हौसेने बरणीत भरलेला साप घोणसही असू शकतो. दोघांच्याही अंगावर तपकिरी ठिपके असतात आणि दोघंही आखूड, जाडसर दिसतात. घोणसीचे ठिपके साखळीच्या कड्यांसारखे रांगेत असतात, खवले खरखरीत असतात. अजगराचे डाग वेडेवाकडे आणि अंग तुकतुकीत. पण हा फरक हातात धरून तपासायचा नसतो. घोणसीचं पिल्लू जन्मल्या दिवसापासून विषारी असतं. असं काही दिसलं तर लांबून लक्ष ठेवा आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

इथे बोलायचं आहे ते परदेशी जातीच्या, कायदेशीर मार्गाने घेतलेल्या पिल्लाबद्दल, मुख्यतः बॉल पायथनबद्दल. मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा हा बिनविषारी साप गेल्या काही वर्षांत आपल्याकडेही पाळला जातो. कागदपत्रांचं दोन ओळींत: बॉल पायथन 'साइटिस' या वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतला प्राणी आहे. 2022 च्या कायदादुरुस्तीनंतर असे प्राणी बाळगणाऱ्याला केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते, आणि त्याचे नियम फेब्रुवारी 2024 मध्ये आले. विकणारा "कागद नंतर देतो" म्हणाला तर पिल्लू घेऊ नका.

आता खाण्याकडे. नव्याने साप पाळणाऱ्याला एकच चिंता असते, पिल्लू उपाशी तर नाही ना. खरं तर ही चिंता बाजूला ठेवून दुसरीच करायला हवी. सापाचं पचन त्याच्या पोटापेक्षा त्याच्या पेटीतल्या उबेवर चालतं. आपलं शरीर स्वतःची ऊब स्वतः तयार करतं, सापाचं करत नाही. पोटात उंदीर आहे आणि बाहेर गारठा, तर तो उंदीर पचण्याऐवजी कुजायला लागतो. म्हणून पिल्लाला खायला कधी द्यायचं हे ठरवताना आधी विचार करा: पुढचे दोन-तीन दिवस पेटी उबदार राहील याची खात्री आहे का? नसेल तर देऊ नका. कोकणात, जिथे पहिल्या वळवाच्या सरीला लाईट जाते, तिथे हा प्रश्न सगळ्यात मोठा आहे.

आणण्याआधी विचारायचं

विकणाऱ्याला नेमकं विचारा: पिल्लाने आतापर्यंत किती वेळा खाल्लं? पांढरा उंदीर की त्याहून मोठ्या जातीचा पांढरा रॅट? जिवंत की गोठवलेला? शेवटचं कधी खाल्लं? अंड्यातून निघाल्यावर साधारण आठ-दहा दिवसांनी पिल्लू पहिली कात टाकतं आणि त्यानंतरच खायला लागतं. निदान तीन वेळा स्वतःहून खाल्लेलं पिल्लूच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. 'अजून खात नाही, पण खाईल' असं पिल्लू स्वस्तात मिळतं, आणि मग त्याच्यामागे रात्री जागाव्या लागतात.

घरी आणल्यावर आठवडाभर काही देऊ नका. पाणी ठेवा, पेटी झाका, हाताळू नका. शेजारपाजारचे बघायला येतील. त्यांना आठवड्याने बोलवा.

पेटी तयार आहे का

पिल्लाला मोठी पेटी नको. मोकळी जागा जास्त असली की ते घाबरून राहतं आणि घाबरलेला साप खात नाही. दोन लपणी हवीत, एक उबेच्या बाजूला आणि एक गार बाजूला. आपल्याकडे याला फुकटचा उत्तम उपाय आहे, नारळाची करवंटी. मोठ्या नारळाची अर्धी करवंटी घ्या, काठाला अंगठा जाईल एवढी खाच पाडा, आतलं खोबरं पूर्ण खरवडून काढा, काठ पॉलिश पेपरने गुळगुळीत करा आणि उन्हात कडकडीत वाळवा. पिल्लू त्यात अंग चारही बाजूंनी टेकवून बसतं, आणि तसं टेकून बसणंच त्याला आवडतं. वाढलं की मातीचं मडकं आडवं ठेवा.

उबेच्या बाजूचा पृष्ठभाग 31 ते 32 अंश सेल्सिअस, गार बाजू 26 च्या आसपास. हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) पेटीच्या खाली, बाहेरून, आणि थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला ती आपोआप बंद-चालू करणाऱ्या यंत्राशिवाय, कधीच नाही. थर्मोस्टॅट नसलेली मॅट सापाचं पोट भाजते आणि त्याला ते वेळेवर कळतही नाही. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी खोलीच 34-35 ला जाते. तेव्हा थर्मोस्टॅट मॅट बंद ठेवेल, पण पेटी पत्र्याखालच्या खोलीतून माजघरात हलवणं तुमच्याच हातात आहे.

दमटपणाबद्दल परदेशी लेख वाचून पाण्याचे फवारे मारू नका. तिकडे हवा कोरडी असते म्हणून ते मारतात. बॉल पायथनला 60 टक्क्यांच्या आसपास दमटपणा पुरतो. जुलैमध्ये आपल्याकडे भिंतींना बुरशी येते तेव्हा तो कितीतरी वर असतो. पावसाळ्यात पाण्याचं भांडं लहान करा, ते गार बाजूला ठेवा, पेटीची भोकं वाढवा, आणि खाली नारळाच्या सोडणाचा भुसा असेल तर तो काढून साधा कागद अंथरा. ओल्या भुशावर सतत बसून पोटाचे खवले लाल-तपकिरी पडतात, मग सडतात. अशा दुखऱ्या पिल्लाचं खाण्यात लक्ष नसतं.

किती आणि कधी

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल वजनकाटा घ्या. पिल्लू झाकणाच्या डब्यात ठेवून वजन करा आणि डब्याचं वजन वजा करा. काटा फक्त सापासाठीच ठेवा, परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

हिशेब असा. साप 200 ग्रॅमचा होईपर्यंत त्याच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के एवढं खाणं, दर पाच ते सात दिवसांनी. म्हणजे 60 ग्रॅमच्या पिल्लाला 6 ते 9 ग्रॅमचा उंदीर. विक्रेते याला 'हॉपर' म्हणतात: डोळे नुकते उघडलेलं, अंगावर केस आलेलं पिल्लू. त्याहून लहान ती 'फझी', आणि अगदी गुलाबी, केस नसलेली ती 'पिंकी'. बॉल पायथनच्या पिल्लाला पिंकी सहसा फारच लहान पडते. वजनकाटा नसेल तर नजरेने मोजा: उंदराचा सगळ्यात जाड भाग सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढा, फार तर किंचित जास्त. खाल्ल्यानंतर अंगावर हलकासा फुगवटा दिसावा, गाठ नव्हे.

200 ग्रॅमच्या पुढे टक्केवारी उतरते आणि अंतर वाढतं, सात ते दहा दिवसांवर येतं. पूर्ण वाढलेल्या सापाला तर दोन ते चार आठवड्यांनी एकदा पुरतं. पिल्लाची टक्केवारी तशीच पुढे ओढली की साप लठ्ठ होतो. आपल्याकडे 'खातंय तर घाल' ही माया असते. सापाच्या बाबतीत ती आवरा.

काय देऊ नये याची यादी मोठी आहे, पण महत्त्वाचं एवढंच. घरातला किंवा शेतातला उंदीर नको. त्याने उंदीरमाराचं औषध खाल्लेलं असू शकतं आणि त्याच्यात जंत असतात. शिवाय लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या मुतातून पसरतो, आणि तो कोकणात दर पावसाळ्यात डोकं वर काढतो. पाल, बेडूक नको, त्यांच्यातही जंत असतात. बांगड्याचा तुकडा किंवा कोंबडीचं मांस देऊन साप जगवता येत नाही. त्याला हाडं, काळीज, आतडी यांसह पूर्ण प्राणी लागतो, कॅल्शियम तिथूनच मिळतं. आणि दूध तर नकोच. साप दूध पीत नाहीत. नागपंचमीला पाजलं जातं ते तहानेने तडफडणाऱ्या सापाला, त्याला ते पचत नाही. पिल्लाला फक्त स्वच्छ पाणी, रोज बदललेलं.

गोठवलेला उंदीर का, आणि तो आणायचा कसा

जिवंत उंदीर सापाला चावतो. साप गुंडाळून आवळत असताना उंदीर डोळ्याला किंवा पाठीला चावला तर जखम महिनोन्महिने भरत नाही, आणि भूक नसलेल्या सापाला तर उंदीर रात्रभर कुरतडत बसतो. उंदराचेही त्यात हालच होतात. म्हणून गोठवलेला, कार्बन डायऑक्साइडने मारलेला उंदीर घ्यावा. रत्नागिरी, कणकवली, अलिबागला तो दुकानात मिळेल असं गृहीत धरू नका. मुंबई-पुण्याच्या विक्रेत्यांकडून एकदम दोन-तीन महिन्यांचा साठा मागवणं सोयीचं पडतं. वाहतुकीसाठी मासळी भरतात ती थर्माकोलची पेटी सर्वांत चांगली. मिरकरवाडा किंवा हर्णैच्या बंदरावर ती सहज मिळते. पार्सल उघडल्यावर उंदीर दगडासारखे कडक असले पाहिजेत. मऊ पडलेले असतील तर ते परत गोठवायचे नाहीत.

फ्रीझरमध्ये ते झाकणाच्या, घट्ट बंद होणाऱ्या डब्यात ठेवा, वर तारीख लिहा. सुरमईच्या शेजारी नाहीच. घरात सोवळं-ओवळं नसलं तरी हा डबा स्वयंपाकघराच्या फ्रीजमध्ये नको, असं माझं म्हणणं आहे. छोटा वेगळा फ्रीझर घेता येत नसेल तर निदान एक कप्पा पूर्ण वेगळा ठेवा, आणि आई-आजीला आधी सांगून ठेवा.

वितळवणं: इथे घाई करू नये

सापाला ज्या संध्याकाळी द्यायचं आहे त्याच्या आदल्या रात्री उंदीर झिपच्या पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या भागात ठेवा. ओट्यावर दिवसभर उघडा ठेवू नका. आपल्या हवेत तो दुपारपर्यंत वास मारायला लागतो. मायक्रोवेव्ह तर कधीच नाही. बाहेरून गार आणि आतून शिजलेला उंदीर हमखास फुटतो.

संध्याकाळी पिशवीसकट तो कोमट पाण्यात बुडवा. अंघोळीच्या पाण्यापेक्षा किंचित जास्त गरम, 40 अंशांच्या आसपास. पाणी गार झालं की बदला. दहा-पंधरा मिनिटांनी हातमोजा घालून पोट हलकं दाबून बघा. बाहेरची कातडी मऊ लागते, पण आत पोटाच्या मध्यावर वाटाण्याएवढी कडक गाठ लागली तर आत अजून बर्फ आहे. पुन्हा बुडवा. गाठ नसेल आणि पोट सगळीकडे सारखं मऊ असेल तर बाहेर काढा, कागदाने केस कोरडे करा. शेवटी फक्त डोकं मिनिटभर गरम पाण्याला लावा. बॉल पायथनच्या ओठांवर ऊब ओळखणाऱ्या खळग्या असतात. डोकं अंगापेक्षा थोडं गरम असलं तर त्याला झडप कुठे घालायची हे कळतं. (कॉर्न स्नेक हा दुसरा परदेशी साप पाळणाऱ्यांसाठी: त्याला अशा खळग्या नसतात, तो वासावर जातो. त्याचं पिल्लू फक्त सहा-आठ ग्रॅमचं असतं, त्याला पिंकीच द्यावी.)

देताना

अंधार पडल्यावर, खोलीतला दिवा मंद करून, त्याच्या स्वतःच्या पेटीतच द्या. वेगळ्या डब्यात काढून खाऊ घालण्याची पद्धत काहीजण सांगतात. पिल्लाला त्यात ताण येतो आणि खाऊन झाल्यावर परत उचलावं लागतं, म्हणून ती मला पटत नाही. भुसा असेल तर लपणीच्या तोंडाशी कौलाचा सपाट तुकडा ठेवा, म्हणजे उंदराला भुसा चिकटणार नाही.

25-30 सेंटीमीटर लांब चिमटा घ्या, टोकं बोथट असलेला. उंदीर पाठीला, मानेच्या थोडं खाली धरा, डोकं सापाकडे. बोटांनी कधी धरू नका. हाताला उंदराचा वास असला की सापाला बोट आणि उंदीर एकच. लपणीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर उंदीर हळू आणा, नाकाने हुंगत चालल्यासारखा थोडा हलवा, मग थांबा. तोंडावर ढोसू नका. पिल्लू मान मागे घेऊन इंग्रजी एस अक्षरासारखी वळवेल, जीभ भराभर बाहेर-आत होईल. मग झडप इतकी पटकन होते की चिमटा केव्हा सुटला हे कळत नाही. चिमटा लगेच मागे घ्या.

यानंतर तुम्ही काहीच करायचं नाही. साप उंदराला वेढे घालून आवळत राहील, मेलेलाच असला तरी. मग वेढे सैल होतील, तो नाकाने उंदराचं अंग चाचपडत डोकं शोधेल. या शोधात कधी कधी पंधरा मिनिटं जातात आणि बघणाऱ्याला वाटतं की त्याला कळतच नाहीये. कळतं त्याला. डोक्याकडून गिळलं की पाय आणि केस मागे दबतात, म्हणून तो शोधत असतो. गिळून झाल्यावर दोन-तीनदा मोठा जबडा उघडेल. ती जांभई नव्हे, जबड्याचे सांधे जागेवर बसवणं आहे.

पेटी झाका, कडी लावा. खाणं देण्याच्या संध्याकाळीच कडी लावायची राहून जाते, आणि कौलारू घरात वाशांवर चढलेलं पिल्लू शोधणं म्हणजे सगळी आळी जागी करणं. खाल्ल्यानंतर 48 तास हात लावू नका.

चुकून तुम्हालाच चावलं तर हात झटकू नका. दात मागे वळलेले असतात, ओढलं तर जखम वाढते आणि दात तुटून सापाच्या तोंडालाही दुखापत होते. डोक्यावर गार पाण्याची धार सोडा, तो सोडतो. साबणाने धुवा.

खाल्लं नाही तर

अर्धा तास थांबा, नाही खाल्लं तर उंदीर कौलाच्या तुकड्यावर ठेवून पेटी झाका आणि दोन-तीन तासांनी बघा. रात्रभर ठेवायची पद्धत कोरड्या, गार हवेच्या देशातली आहे. आपल्याकडे तेवढ्यात तांबड्या मुंग्या हजर होतात, आणि त्या आधी उंदराला आणि मग पिल्लाला चावतात. पेटी ज्या टेबलावर आहे त्याचे पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवा, जुन्या घरांत दुधाचं फडताळ ठेवायचे तसे. मुंग्यांचा खडू, फवारा, डासांची कॉइल त्या खोलीत नको. ही औषधं सापाला विषारी ठरतात. न खाल्लेला उंदीर फेकायचा, पुन्हा गोठवायचा नाही. परसात हातभर खोल पुरला तर मांजर उकरत नाही.

पिल्लाने नाकारण्याचं सर्वांत साधं कारण म्हणजे कात. डोळे निळसर-दुधी दिसले, अंग फिकट पडलं तर कात टाकून होईपर्यंत विचारूच नका. दुसरं कारण गारठा, तिसरं फार हाताळणी. ही तीनही नसतील तर पाच-सात दिवसांनी पुन्हा द्या, थोडा लहान उंदीर, डोकं थोडं जास्त गरम करून. रोज रोज विचारणं सगळ्यात वाईट. त्याने साप उंदराला घाबरायला लागतो. धडधाकट पिल्लू काही आठवडे न खाता राहू शकतं. वहीत दर आठवड्याचं वजन लिहा. वजन टिकून असेल तर थांबा. दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, पाठीचा कणा वर दिसायला लागला, किंवा तोंडाकडे लाळ, फुसफुस श्वास दिसला तर पशुवैद्य गाठा. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर बहुतेक गाई-म्हशींचे असतात, म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या मुंबई-पुण्याच्या डॉक्टरांचा नंबर गरज पडण्याआधीच मिळवून ठेवा. तोंड उघडून जबरदस्तीने भरवण्याचा प्रयोग घरी करू नका.

ओकलं तर

अर्धवट पचलेला उंदीर बाहेर पडला असेल तर खोलीत शिरताक्षणी वासाने कळतं. हातमोजे घालून साफ करा, पेटी धुवा, तापमान तपासा. बहुतेक वेळा कारण त्यातच सापडतं: रात्री लाईट गेली, मॅट बंद पडली. नाहीतर उंदीर फार मोठा होता किंवा खाल्ल्यावर कोणीतरी पिल्लाला उचललं. आता 10 ते 14 दिवस फक्त पाणी. लगेच दिलं तर ते पुन्हा ओकतं आणि दुसऱ्यांदा ओकणं पिल्लाला झेपत नाही, कारण पोटातले पाचकरस आणि अन्ननलिकेचं अस्तर भरून यायला वेळ लागतो. त्यानंतर नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर द्या. तोही ओकला तर घरगुती उपाय बंद.

लाईट गेली तर

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं तेव्हा रायगडपासून दापोली-मंडणगडपर्यंत कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती. असं रोज होत नाही, पण जून-जुलैत फांदी पडून रात्रभर वीज नसणं नेहमीचंच. हवामान खात्याने तुमच्या जिल्ह्याला ऑरेंज किंवा रेड अलर्ट दिला असेल तर त्या दिवशी खाणं देऊ नका, पुढे ढकला. छोटी हीट मॅट फार वीज खात नाही, घरातल्या इन्व्हर्टरवर ती आणि थर्मोस्टॅट रात्र काढतात.

पोटात उंदीर असताना वीज गेलीच तर पेटी गोधडीने तीन बाजूंनी झाका, हवेची भोकं मोकळी ठेवा, आणि गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीच्या बाहेरून उबेच्या बाजूला टेकवा. पाणी कोमट झालं की बदला. मेणबत्ती किंवा शेगडी जवळ नको. फ्रीझर सारखा उघडू नका. उंदीर मासळीच्या थर्माकोल पेटीत बर्फात घालून ठेवले तर एक रात्र सहज निघते. सकाळी मऊ झालेले असतील तर ते गेले समजा.

हात, मुलं आणि गणपती

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असतात. चिमटा, वाट्या, हातमोजे यांचं सामान वेगळं. धुणं मोरीत, भांडी घासायच्या सिंकमध्ये नाही. प्रत्येक वेळी साबणाने हात. पाच वर्षांखालच्या मुलांनी सापाला आणि त्याच्या सामानाला हात लावू नये.

गणपतीत घर भरतं, मुंबईची मंडळी येतात, ढोल-ताशा, आरत्या, दिवसभर वर्दळ. त्या दिवसांत खाणं देऊच नका. पाहुणे येण्याच्या चार-पाच दिवस आधी द्या, पेटी आतल्या खोलीत हलवा, पुढचं खाणं विसर्जनानंतर घर शांत झाल्यावर. तोपर्यंत आठ-दहा दिवस गेले तरी पिल्लाचं काही बिघडत नाही. पाण्याची वाटी मात्र रोज भरायची, आणि ते काम एकाच माणसाकडे द्या.